पुडी टेबलावरच राहिली

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठी. ओपीडी आटोपली की चहाबरोबर एखादा अनुभव वाचायचा आणि मनातल्या मनात निदान करून टाकायचं... ही अर्धवट झोपेतली जाग, हा ताप डोक्यात गेलेला, हिची शुगर उतरलेली, आणि हे गृहस्थ सरळसरळ थापा मारताहेत. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. माझ्या माहेरी मांजर आडवं गेलं की वडील थांबायचे खरे, पण ते मांजराला बिस्किट द्यायला. तेव्हा आज माझ्यावरच लिहायची पाळी आलीय, यानं मला अवघडल्यासारखं होतंय. वाचून ज्यांना माझं निदान करायचं असेल त्यांनी खुशाल करावं.

मी एमबीबीएस डॉक्टर आहे. शेवगाव तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझा दवाखाना आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण यातली माणसं तिथंच राहतात आणि त्यातली बरीच माझे पेशंट आहेत. दवाखाना मेन रोडला, स्टँडच्या थोडा पुढं. समोर खताचं दुकान, शेजारी मेडिकल. बाहेरच्या खोलीत बाकडी आणि सुमनचं टेबल, आत माझी केबिन. आमचं घर मागच्याच गल्लीत आहे.

सुमन माझ्याकडे पहिल्यापासून आहे. केसपेपर काढते, बीपी घेते, रडणाऱ्या पोरांना दम देते. पण तिचं खरं लक्ष चपलांवर. चपला बाहेर काढायच्या, त्याही भिंतीला लावून, असा तिचा कायदा आहे. "मॅडम, आत कोण बसलंय ते मी चपला बघून सांगते," असं ती म्हणते आणि सांगतेही.

माझ्या प्रॅक्टिसमध्ये सिनेमात दाखवतात तसं काही नसतं. बीपी, शुगर, गुडघे, पित्त, पोरांचे जुलाब, बायांच्या अंगात नसलेलं रक्त. ऊसतोडीहून माणसं परतली की कंबरा आणि पाठी. यात अवघड असतं ते निदान नव्हे, तर पेशंटला आपल्यासमोर आणून बसवणं. आमच्याकडे आजारी एक असतो आणि दवाखान्यात येतो दुसराच. बाजाराला आलेला माणूस पिशवी भरल्यावर जाता जाता डोकावतो... "मॅडम, म्हातारीला चक्कर येती, गोळ्या द्या." म्हातारी कुठंय? घरी, शेळ्यांपाशी. एकदा एकानं आधी स्वतःचा खोकला सांगितला, मग बायकोचं डोकं, आणि शेवटी म्हशीचं पोट. तिघांना मिळून एकच गोळी चालेल का, असंही विचारलं. म्हणून मी केबिनच्या दारावर पाटी लावली आहे, 'पेशंटला पाहिल्याशिवाय औषध मिळणार नाही.' या पाटीपायी निम्मं गाव मला आखडू म्हणतं. म्हणू दे.

ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. बाजारचा दिवस, दुपारची वेळ. सकाळची गर्दी ओसरून बाकडी रिकामी झाली होती. साठीच्या पुढची, हिरवं लुगडं, कपाळ रिकामं नव्हतं, कुंकू होतं. समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मला काय न्हाई झालं, बाई. आमच्या मालकाला बरं न्हाई. गोळ्या द्या."

मी पाटीकडं बोट दाखवलं. तिनं तिकडं पाहिलंही नाही.

"काय होतंय त्यांना?" मी विचारलं. विचारायला काय जातंय.

"छातीत जळजळतंय म्हनत्यात. पित्त हाय म्हनत्यात. सोडा पित्यात. मला कळू न देता."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"बाई, संसार केलाय म्या."

मला हसू आलं. पित्ताचं काय काय टाळायचं ते सांगितलं, आणि मालकांनाच घेऊन या म्हणाले. ती उठेना. टेबलावर हात ठेवून नुसती बसून राहिली. तेव्हा तिच्या हातावरचे वळ दिसले. कोपरापासून मनगटापर्यंत, तिरके, एकमेकांना छेदणारे. ताजे होते, कातडीत रुतलेले. असे वळ पाहिले की डॉक्टरच्या मनात एकच गोष्ट येते.

"मावशी, घरी कुणी हात उगारतं का तुमच्यावर?"

तिला प्रश्न कळायला वेळ लागला. मग तिनं पदर हातावर ओढला. "मालकानं कधी बोट न्हाई लावलं मला," ती म्हणाली. म्हणताना तिचा आवाज असा झाला की पुढं विचारणं मलाच बरं वाटेना.

ती गेल्यावर सुमन आत आली. "मॅडम, ह्या बाईच्या चपला कुठं हायेत? दारात तं न्हाईत."

"अनवाणी आली असेल."

"एवढ्या उनात? डांबरावर?" सुमननं खांदे उडवले आणि केसपेपर का काढला नाही तेही सांगितलं. बाई म्हणाली होती, आजारी मी न्हाई, माझा कागुद कशाला.

पुढच्या बाजारी ती पुन्हा आली. पुन्हा दुपारीच, पुन्हा बाकडी रिकामी असताना. या वेळी मी थोडी चिडलेच. "मावशी, मी काय सांगितलं होतं?"

"त्यांना यायला जमत न्हाई."

"का जमत नाही? चालता येत नाही का?"

"चालत्यात की. पन चढाला थांबत्यात. दम लागला म्हनत न्हाईत. मागं वळत्यात, रानाकडं बघत्यात, कुनाला तरी हाळी देत्यात. मंग पुढं चालत्यात. लोकांना वाटतं, मानूस रान बघतंय."

इथं माझे कान टवकारले. जेवल्यावर जळजळणं वेगळं आणि चढावर जळजळणं वेगळं. मी नीट विचारायला लागले. थांबल्यावर कमी होतं का? व्हय. हात दुखतो का? डावा, चोळत असत्यात. तंबाखू? न्हाई. कधीपासून? त्यावर तिनं पदर सारखा केला. मी तिला सांगितलं की हे पित्त नसावं, हे हृदयाचं दुखणं असू शकतं, छातीची पट्टी काढावी लागेल, ईसीजी. मशीन माझ्याकडंच आहे, उद्या सकाळीच आणा. वस्ती कुठली ते विचारलं. नाव गयाबाई, वस्ती वरच्या बंधाऱ्याच्या अंगाला, दारात जोडीचे उंबर.

ती जाताना मी तिच्या पायांकडं पाहिलं. सुमनमुळं लक्ष गेलं असणार. अनवाणी चालणाऱ्या बायांच्या टाचा मी रोज बघते, भेगांत माती बसलेली असते. हिच्या टाचा मऊ होत्या, फिकट. एक भेग नाही, धुळीचा कण नाही. बाहेर बाजार भरलेला, रस्त्यावर कांद्याची सालं आणि पाण्याचा चिखल. मी स्वतःशी म्हटलं, दारातल्या नळावर पाय धुतले असतील. आमच्या दारात नळ नाही हे मला संध्याकाळी आठवलं.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. मला त्याचं विशेष वाटलं नाही, 'उद्या आणते' म्हणून न आणलेल्या पेशंटांचं गाव वसवता येईल. पण मधल्या दिवसांत ती बाई अधूनमधून मनात यायची. जेवताना मी विलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिच्याबद्दल सांगितलंही. विलास इथल्या हायस्कूलमध्ये खेळाचा शिक्षक आहे. पन्नाशी ओलांडली तरी पोरांबरोबर कबड्डीच्या मैदानात उतरणारा. चढावरची हकिगत ऐकून तो म्हणाला, "म्हातारा हुशार आहे की. दम लागला तर पोझ घ्यायची." आणि भाकरी अर्धी ठेवून उठला. मी त्या अर्ध्या भाकरीकडं पाहिलं, आणि ताट उचललं.

तिसरी वेळ. पुन्हा बाजार, तीच दुपार. या वेळी ती आत आली ती घाईनं, स्टुलावर बसलीही नाही. कपाळावर घाम होता.

"बाई, पायरीवर बसत्यात आता."

"कोण? मालक?"

"भाईर जायला निघत्यात, आन् पायरीवर बसत्यात. चपला घालायचं निमित्त. एक पायात घालत्यात, दुसरी हातात धरत्यात. बराच टायम. घामानं सदरा भिजतो. म्या म्हनलं, काय झालं वो? तं म्हनत्यात, अंगठा तुटलाय चपलेचा."

"आणि तुटलेला नसतो."

"न्हाई तुटलेला."

मला आजही तो क्षण तसाच आठवतो. बाहेर कुणीतरी भोंग्यावर टरबुजाचा भाव ओरडत होतं, पंखा कुरकुरत होता, आणि मी मनात लक्षणं जुळवत होते. बसल्या जागी घाम, दुखरा डावा हात, चालायची ताकद नाही. यापुढं थांबायला वेळ नसतो. पाटीबिटी राहिली बाजूला. मी कपाटातून ॲस्पिरिनच्या गोळ्या काढल्या, कागदात पुडी बांधली आणि तिच्यापुढं सरकवली.

"मावशी, नीट ऐका. परत असे बसले की ही गोळी तोंडात द्यायची. चावून खायला लावायची, गिळायची नाही. आणि तसंच उचलून आधी माझ्याकडं आणायचं, पट्टी काढू, मग नगरला."

"चावून."

"चावून."

"ते आयकत न्हाईत, बाई. काय झालं म्हनून विचारलं की चिडत्यात."

"मग विचारू नका," मी म्हणाले. "विचारत बसायचंच नाही. हात धरायचा आणि गाडीत बसवायचं."

ती माझ्याकडं बघत राहिली. अशा नजरेनं माझ्याकडं कुणी पेशंटनं पाहिलेलं नाही. आभार नव्हते त्यात. आपण कधीचे जे वाक्य शोधत होतो ते कुणीतरी सांगितलं, तसं काहीतरी. मग ती वळली आणि गेली. मी केसपेपर आवरून मान वर केली तर पुडी टेबलावरच.

"सुमन, ती बाई पुडी विसरली! पळ!"

सुमन रस्त्यापर्यंत पळाली. परत येऊन म्हणाली, दोन्ही बाजूंनी पाहिलं, खतवाल्याला विचारलं, त्यानं दवाखान्यातून कुणालाच बाहेर पडताना पाहिलं नाही. बाजारच्या गर्दीत कोण कुणाला बघतंय. मी पुडी ॲप्रनच्या खिशात टाकली, संध्याकाळी कुणाच्या तरी हाती बंधाऱ्याकडं पाठवू म्हणून, आणि जेवायला घरी निघाले.

गल्लीत वळले. विलास आमच्या पायरीवर बसला होता.

भाजीची पिशवी शेजारी, म्हणजे बाजाराला निघालेला. एक चप्पल पायात होती. दुसरी हातात होती, आणि तो तिच्याकडं बघत होता. सदरा पाठीला चिकटला होता.

"काय झालं रे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं वर पाहिलं, हसला आणि म्हणाला, "काही नाही गं. अंगठा तुटलाय."

चपलेचा अंगठा शाबूत होता.

त्यानंतर मी त्याला काही विचारलं नाही. खिशातली पुडी फोडली, गोळी त्याच्या तोंडात घातली आणि "चाव" एवढंच म्हणाले. तो काहीतरी बोलायला लागला, पित्त आहे म्हणाला, शाळेत मीटिंग आहे म्हणाला. मी त्याचा हात धरला होता, हात गार आणि ओला होता. सुमनला फोन केला, तिचा नवरा बोलेरो घेऊन आला. दवाखान्यात आडवा करून पट्टी काढली. मशीनमधून कागद बाहेर येत होता आणि मी तो वाचत होते. असे कागद मी लोकांच्या बायकांना समजावून सांगितले आहेत. त्या दिवशी मला कुणी समजावून सांगायला नव्हतं.

नगरपर्यंतचा रस्ता मी त्याचं मनगट धरून मागच्या सीटवर काढला. तिसगावच्या अलीकडं त्यानं डोळे मिटले तेव्हा मी त्याला मोठ्यानं शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही. नगरच्या दवाखान्यात त्याला थेट आत नेलं. रक्तवाहिनी उघडून स्टेंट घातला. तिथले डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, वेळेत ओळखलंत, गोळीही लगेच दिलीत. डॉक्टर घरात असला की असा फायदा होतो." मी मान हलवली. घरात डॉक्टर होती, पण तिला काहीच दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

जरा सावरल्यावर विलासनं हळूहळू सगळं सांगितलं. कित्येक आठवडे त्रास होत होता. पित्ताची पाकिटं तो शेवगावहून आणायचा, आमच्या मेडिकलमधून घेतली असती तर मला कळलं असतं. शाळेच्या बॅगेत रिकामी पाकिटं निघाली. आणि मैदानाच्या चढावर काय करायचास, मी विचारलं. तो ओशाळला. म्हणाला, "थांबायचो. मागं वळून पोरांना काहीतरी ओरडायचो. त्यांना वाटायचं, सर लक्ष ठेवताहेत."

"माझ्यापासून का लपवलंस?"

"तू दिवसभर तेच बघतेस," तो म्हणाला. "म्हटलं, घरी तरी नको."

तो झोपल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. आणि रडता रडता मध्येच ताठ झाले. विलास वाचला ते तिच्या पुडीनं. मग तिच्या माणसाचं काय? त्याची गोळी माझ्या नवऱ्यानं खाल्ली होती, आणि तो तिकडं पायरीवर बसलेला होता. सुमनला फोन करून बंधाऱ्याकडच्या माणसांकडं चौकशी करायला सांगितलं, पण कुणालाच असा आजारी माणूस माहीत नव्हता. विलासला घरी आणलं, त्याची बहीण सोबतीला आली, तशी मी सुमनला घेऊन स्वतःच निघाले. ईसीजीचं मशीन बरोबर घेतलं होतं.

जोडीचे उंबर लांबूनच दिसले. ओट्यावर एक बाई शेंगा निवडत होती. गयाबाईंची सून, मंदा. मी म्हणाले, "मी डॉक्टर. तुमच्या सासऱ्यांना बघायला आले. कसे आहेत?"

तिनं शेंगा खाली ठेवल्या. "मामंजी? मामंजींना जाऊन लई वर्सं झाली, मॅडम. माझं लगीन व्हायच्या आदी."

"गयाबाईंचे मालक?"

"व्हय, तेच. कुनी सांगितलं तुमाला?"

"गयाबाईंनी. दवाखान्यात आल्या होत्या. तीनदा."

मंदानं आधी माझ्याकडं, मग सुमनकडं पाहिलं. "आत्याबाई? त्या न्हानीत पडल्या त्याला वरीस हुईल. खुब्याचं हाड मोडलं. आपरेशन नगं म्हनल्या. तवापासून बाजंवरच हायत. कूस बदलायला बी मीच लागती. आन् आमचा दवाखाना तुमच्याकडं न्हाईच, पलीकडच्या गावाला हाय."

घर चुकलं असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, वाटावं अशी माझी इच्छा होती. मंदानं आत नेलं. सुंभाच्या बाजेवर ती पडली होती, हिरवं लुगडं, तोच चेहरा. कपाळ मात्र रिकामं होतं. उघडा हात बाजेवर होता. तो तिनं उचलला तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत सुंभाचे वळ उठलेले दिसले, तिरके, एकमेकांना छेदणारे. आणि पांघरुणाबाहेर टाचा... मऊ, फिकट, बरेच दिवस जमिनीला न टेकलेल्या. सुमननं माझा दंड घट्ट धरला.

गयाबाई माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, "आज पांढरा डगला न्हाई घातला, बाई?"

मी बाजेच्या कडेवर बसले.

"मावशी, तुम्ही मला ओळखता?"

"सपनात येती की मी तुमच्याकडं," ती म्हणाली, जणू काही शेजारच्या आळीत जात असावी. "हितं पडल्यापासून दुसरं काय हाय? बाजारच्या दिशी ही समदी बाजाराला जात्यात. घर गप हुतं. दुपारी डोळा लागला की मी उठती, चालाय लागती. बाजारातनं जाती. सपनात मालक जित्ते असत्यात. तुमी म्हनता, आना त्यांना. आता कुठून आनू?"

मग तिनं सांगितलं. तिच्या मालकाला पित्त म्हणत म्हणत दिवस गेले होते. चोरून सोडा, चढावर थांबून रानाकडं बघणं, सगळं तिला दिसत होतं. "कुनाला सांगायचं? मानूस धडधाकट. लोक हसले असते. आन् इचारलं की चिडायचे." एका दिवशी बाहेर निघाले, पायरीवर बसले. अंगठा तुटलाय म्हणाले. ती दाभण आणायला आत गेली. दाभण घेऊन बाहेर आली तर चप्पल हातात होती आणि मान कलली होती.

"चपलेला काय बी झालं नव्हतं," ती म्हणाली. "तवापासून म्या पायात चप्पल न्हाई घातली."

मंदानं तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. मग तिनंच विचारलं, "बाई, मागल्या बाजारच्या सपनात तुमी गोळ्या दिल्या. शेवटाला एकदाच्या दिल्या. आन् मी मेली तिथंच इसरले. जागी झाले, मूठ उघडली तं रिकामी. लई रडले. मंदीला इचारा."

मंदानं मान डोलावली. "सांजंला पानी बी घेतलं न्हाई त्या दिशी."

"वाया गेल्या का वो त्या गोळ्या?"

"नाही," मी म्हणाले. "वाया नाही गेल्या. खाल्ल्या."

"चावून?"

"चावून."

ती थोडी पुढं सरकायला बघत होती, मंदानं पाठीला हात लावला. "पायरीवर बसलेले हुते?"

"हो."

"मंग? उठले?"

"उठले, मावशी. घरी आहेत. बरे आहेत."

तिनं पदर तोंडावर घेतला. आतून ती एकच शब्द म्हणत राहिली... उठले, उठले. कुणाबद्दल म्हणत होती, माझ्या की तिच्या, ते मी विचारलं नाही. मीही रडत होते.

त्यानंतर तिला ते स्वप्न पडलेलं नाही, आणि बाजारच्या दुपारी आमच्या स्टुलावर ती आलेली नाही. मी माझ्या परीनं हिशेब मांडून पाहिला आहे. विलासचा त्रास माझ्या नजरेला दिसत असणार, मनाला मानायचा नसणार, म्हणून मनानंच एक बाई उभी केली... इथपर्यंत मी मला पटवू शकते. पण मग गयाबाईला माझा ॲप्रन कसा ठाऊक, गोळ्या चावून खायच्या हे कसं ठाऊक, आणि सुमननं दारात कुणाचे पाय पाहिले? एका मित्राला सांगितलं, तो मनोविकारतज्ज्ञ आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं, योग्य ते शब्द वापरले, आणि जाताना म्हणाला, नवऱ्याला सांभाळ. पाटी मात्र मी काढून टाकली. घरच्या माणसाचं दुखणं सांगायला कुणी आलं तर आता मी शेवटपर्यंत ऐकते.

गेल्या आठवड्यात मंदाचा फोन आला. "मॅडम, आत्याबाईंनी चपला मागितल्यात. चालता तं येत न्हाई, पन म्हनत्यात, बाजंखाली असू द्या. तुमी बाजारात असता, घेऊन याल का? माप काय सांगू, पायाला लावून बघायला घरात त्यांच्या मापाची चप्पलच न्हाई."

मी सुमनला घेऊन बाजारातल्या चपलांच्या पालावर गेले. दुकानदारानं माप विचारलं. मी सुमनकडं पाहिलं. सुमननं रांगेतली एक जोडी उचलली, हातात उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "हीच. आपल्या दारातनं जाताना बघितलेत मी ते पाय."

संध्याकाळी मी स्वतः जाऊन त्या गयाबाईच्या पायांत घातल्या. अगदी मापात बसल्या.